पायी चालणाऱ्याचा दिवा

आपल्या भागाचा इतिहास सांगताना वसईची मोहीम, चौक येथील धारावीचा किल्ला आणि १७३९ सालचा चिमाजी अप्पांचा विजय यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते योग्यच आहे. परंतु त्या किल्ल्याच्या पायथ्याशी ज्यांनी पिढ्यान्पिढ्या आयुष्य काढले ती माणसे सूर्यास्तानंतर एका गावाहून दुसऱ्या गावी कशी जात असत, हा प्रश्न आमच्या इतिहासलेखकांनी सहसा विचारलेला नाही. प्रश्न क्षुल्लक वाटतो. ज्या धर्मगुरूला रात्री रस्त्यावर वाहनाखाली सापडून गेलेल्या माणसाच्या अंत्यविधीत उभे राहून प्रवचन करावे लागते, त्याला मात्र तो क्षुल्लक वाटत नाही. अशा प्रत्येक वेळी बाहेर अंगणात कुणीतरी हलक्या आवाजात म्हणतो, "एवढ्या काळोखात रस्त्याने चालायचं कशाला?" मेलेल्याच्या माथी दोष ठेवणारा हा उद्गार कधीपासूनचा, याचा शोध घ्यावा म्हणून हा लेखनप्रपंच.

मनोरी, गोराई, उत्तन, पाली, चौक, डोंगरी, तारोडी या गावांच्या पट्ट्याला जुने लोक धारावी बेट म्हणतात. मुंबईतील धारावीशी त्याचा संबंध नाही. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी, खारफुटी आणि मिठागरे. उत्तनहून डोंगरी, मोर्वा, राई, मुर्धे करीत भाईंदरला यायचे म्हणजे सात-आठ किलोमीटरची चाल. १८६४ साली मुंबईकडून निघालेला लोहमार्ग वसईच्या खाडीवरून पलीकडे गेला, पुढे भाईंदरला स्थानक झाले आणि १९३६ साली विरारपर्यंत विजेची गाडी धावू लागली. गाडीला वेळापत्रक असते, आणि मासळीला त्याहून कडक. त्यामुळे डोक्यावर म्हावऱ्याची पाटी घेऊन पहाटेच्या गाडीसाठी घर सोडणारी कोळीण ही या वाटेवरची नेहमीची पादचारी झाली. तिची चाल प्रायः संपूर्ण अंधारातली असे.

मग उजेड कशाचा? पूर्वी चूड असे. वाळलेल्या झावळीची जुडी बांधून पेटवायची आणि हलवत हलवत न्यायची. मंदावली की हाताला झटका द्यायचा, की निखारा फुलतो. सरदार-जहागीरदारांपुढे मशालजी चालत. आपल्या आजोबा-पणजोबांपुढे त्यांचा स्वतःचा हात चाले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घासलेट खेडोपाडी पोहोचले आणि कंदील आला. कराडजवळच्या ओगलेवाडीला ओगले बंधूंनी काचकारखाना काढला आणि त्यांचा 'प्रभाकर' कंदील महाराष्ट्रातल्या घराघरांत टांगला गेला. त्यानंतर बॅटरी, म्हणजे साहित्यिकांची विजेरी. आणि आता मोबाइल.

या साऱ्या दिव्यांचा हेतू एकच होता, स्वतःला दिसावे. खाचखळगा, साप, विंचू, भरतीचे चढलेले पाणी आणि बांधाचा निसटता कडा दिसण्यापुरता पावलापुढे उजेड पडला की काम झाले. दुसऱ्या कुणाला आपण दिसावे, ही गरजच नव्हती. समोरून येणारा आपल्याच वेगाने चालत येई आणि बैलगाडीच्या घुंगरांचा आवाज तिच्या कितीतरी आधी पोहोचे. पवित्र शास्त्रातील दिवेही याच जातीचे आहेत. स्तोत्रकर्त्याला पावलांसाठी दिवा हवा आहे, आणि मत्तयाच्या शुभवर्तमानातील दहा कुमारिकांना मध्यरात्री वराला सामोरे जाण्यासाठी मशाली हव्या आहेत. त्या मशालींचा रथवाल्याला उपयोग व्हावा, असे कुणाच्या मनातही नाही.

चंद्र हा आणखी एक दिवा. उधाण आणि भांग यांवर जगणाऱ्या माणसाला तिथी पाठ असावीच लागते, आणि रात्रीची मोठी चाल शक्यतो शुक्लपक्षात ठेवावी हे शहाणपण त्यातूनच आलेले. ख्रिस्तसभेची दिनदर्शिका या बाबतीत अर्धी चांद्र, अर्धी सौर आहे. वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेला धरून पुनरुत्थानाचा रविवार येतो, म्हणून पवित्र सप्ताहातील रात्रींना चांदण्याचा थोडाफार आधार असतो. नाताळ मात्र २५ डिसेंबरला बांधलेला. चंद्र असला तर असला.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती आपल्या लोकांच्याच नव्हे, काही धर्मगुरूंच्याही ध्यानात नसते. १७३९ नंतर युरोपीय पाद्री येथून गेले आणि गोव्याकडील एतद्देशीय पाद्र्यांनी येथील श्रद्धावंतांना सांभाळले. पाद्री थोडे, गावे पुष्कळ. तेव्हा मिस्सासाठी परगावी चालत जाणे हा रिवाजच झाला असणार. पण ती चाल पहाटेची असे. कम्युनियन घेणाऱ्याने मध्यरात्रीपासून अन्नच काय, पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही असा नियम होता, आणि मिस्साही दुपारपूर्वीच होत. १९५३ साली पोप बारावे पायस यांनी हा नियम सैल करून सायंकाळच्या मिस्साला परवानगी दिली. १९५७ साली उपवास तीन तासांवर आला, १९६४ साली एका तासावर. १९६७ नंतर रविवारचे कर्तव्य शनिवारी संध्याकाळीही पार पाडता येऊ लागले. पुनरुत्थानाचे जागरणही असेच. आज आपण अंधारात मेणबत्त्या पेटवून जो विधी करतो, तो कित्येक शतके शनिवारी सकाळी उरकला जात असे! १९५१ साली प्रायोगिक म्हणून आणि १९५६ पासून सक्तीने तो पुन्हा रात्री आला.

हे सारे बदल चांगले झाले, याविषयी माझ्या मनात शंका नाही. मजुरी करणाऱ्या माणसाला दिवसभराच्या कामानंतर मिस्सा मिळू लागला, ही थोडी गोष्ट नव्हे. परंतु या बदलांमुळे आपल्या चालीची वेळही बदलली. पहाटे चालणारा माणूस रिकाम्या रस्त्यावरून उजेडाच्या दिशेने जातो. मागे राहिला तरी सूर्य त्याला गाठतो. संध्याकाळच्या मिस्साहून परतणारा अंधाराच्या दिशेने जातो, आणि नेमक्या त्याच वेळी मोटारी, रिक्षा व टेंपो घराकडे धावत असतात. त्यात आपला पोशाख. मयताच्या घरची मंडळी काळे घालून प्रार्थनेहून परतात. पावसाळ्यात डोक्यावर इरले होते ते जाऊन काळी छत्री आली. (धर्मगुरूंचा झगा या देशात उन्हामुळे पांढरा झाला, तेव्हा आमचे तेवढे बरे चालले आहे.)

आता मोटारीकडे वळू. इंग्लंडमध्ये १८६५ साली असा कायदा झाला होता की, यंत्राच्या गाडीपुढे एका माणसाने तांबडे निशाण घेऊन चालावे. आज हसू येते. पण त्या हास्यास्पद कायद्यामागे एक न्याय्य विचार होता. रस्ता चालणाऱ्यांचा आहे, आणि जो नवा, जड व वेगवान पाहुणा त्यावर येत आहे त्याने आपल्या येण्याची वर्दी द्यावी. १८९६ साली ते बंधन उठले. त्याच वर्षी ऑगस्ट महिन्यात लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आवारात ब्रिजेट ड्रिस्कॉल या बाईचा मोटारीखाली मृत्यू झाला. ब्रिटनमध्ये मोटारीने पादचारी मरण्याची ती पहिली नोंदलेली घटना मानतात. मोटारीचा वेग माणसाच्या जलद चालीहून फारसा अधिक नव्हता, आणि भरदिवस होता.

आपल्याकडे मोटारींसाठी अखिल भारतीय कायदा १९१४ साली आला, त्याजागी १९३९ साली दुसरा, आणि १९८८ साली आजचा. चाक असलेल्या प्रत्येक वस्तूला दिवा असावा, हे तत्त्व हळूहळू सर्वत्र रुजले. मोटारीला पुढे पांढरा आणि मागे तांबडा दिवा. सायकललाही दिवा हवा. दिवा नसलेल्या सायकलस्वाराला पोलीस कसा अडवीत असे, हे माझ्या वयाच्या वाचकांना आठवत असेल. दिवा विझलेला दिसू नये म्हणून उतरून सायकल ढकलत नेणारे चतुर लोकही आठवतील. उतरताक्षणी तो पादचारी होई आणि कायद्याच्या कक्षेतून सुटे. या गमतीत फार मोठा अर्थ भरलेला आहे. अंधारात दिसण्याची व्यवस्था चाकांसाठी झाली. पायांना कायद्याने सूट दिली आणि त्यांच्या रक्षणाचा विचारही तिथेच सोडून दिला.

दुसऱ्या महायुद्धात ही बाब उघडी पडली. शत्रूच्या विमानांना शहरे दिसू नयेत म्हणून सप्टेंबर १९३९ पासून ब्रिटनमध्ये रात्रीचे दिवे बंद झाले, मोटारींच्या दिव्यांवर आवरणे चढली आणि बॉम्ब पडण्याआधीच माणसे रस्त्यावर मरू लागली. १९४१ साली तेथे ९,१६९ माणसे रस्त्यांवर दगावली. सरकारने मग पदपथांच्या कडा, झाडांचे बुंधे व विजेचे खांब पांढरे रंगविले, आणि लोकांना सांगितले की अंगावर काहीतरी पांढरे असू द्या. युद्धकाळात मुंबईतही दिवे झाकले गेले होते. रस्त्याच्या कडेच्या झाडांना चुन्याचा पट्टा मारण्याची पद्धत आपल्याकडेही आहे आणि तिचा लाभ आपण सारे घेतो. परंतु झाड जागेवर उभे असते, माणूस चालत असतो.

आपल्याकडे मात्र कायमचा काळोख युद्धावाचूनच होता. मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे १८६५ साली लागले, म्हणजे खाडीवरून आगगाडी गेली त्याच्या पुढच्याच वर्षी. खेड्यांत वीज यायला त्यानंतर पिढ्या लोटल्या, आणि ती आली तेव्हा गावात आली; दोन गावांमधल्या रस्त्यावर नव्हे. देवळाजवळ दिवा, नाक्यावर दिवा, बंदरावर दिवा. वेस ओलांडली की अंधार. १९८५ साली मीरा-भाईंदरची नगरपालिका झाली, २००२ साली महानगरपालिका झाली आणि आपण कागदोपत्री नगरवासी झालो. मिठागरांच्या कडेने जाणारा रस्ता कागद वाचत नाही. तिकडे काशिमीरा, चेणे, घोडबंदर या पट्ट्यातील पाड्यांवरचे आदिवासी बांधव तर महामार्गाच्या काठाने चालतात. तेथील वाहनांच्या वेगापुढे आपला उत्तनचा रस्ता सौम्य म्हणावा लागेल.

माझ्या मते खरी हानी या मधल्या पट्ट्यात झाली आहे. गावात खांबाचा दिवा आला म्हणून हातातला कंदील सुटला. खांब वेशीपाशी थांबला, पण कंदील परत हाती आला नाही. कंदिलाचा उजेड मिणमिणता खरा, परंतु तो चहूकडे पडे आणि हलत असे. दुरून पाहणाऱ्याला कळे की तेथे माणूस चालला आहे. तो दाखविण्यासाठी केलेला नव्हता, तरी दाखवीत होता. मोबाइलचा उजेड एका दिशेने जमिनीवर पडतो, आणि त्याच्या पडद्याकडे पाहणाऱ्याचे डोळे अंधाराला सरावत नाहीत. अंधाराला पुरते सरावायला डोळ्यांना वीस ते तीस मिनिटे लागतात. पडद्याकडे एकदा टक लावून पाहिले की हा सराव मोडतो.

चालकाच्या बाजूनेही हिशेब पाहू. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे साडेसोळा मीटर जाते. धोका ओळखून पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण दीड सेकंद, म्हणजे २५ मीटर. पुढे थांबायला आणखी वीसेक मीटर. एकूण ४५ मीटर, तेही रस्ता कोरडा असेल तर. खाली झुकवलेल्या दिव्यांत गडद कपड्यांतील माणूस फार तर ५० मीटरवर जाणवतो, पुष्कळदा त्याहून जवळ आल्यावर. समोरून दुसरी गाडी येत असेल तर तिच्या झोतात मधला माणूस जणू पुसला जातो. याउलट चालणाऱ्याला गाडी अर्ध्या किलोमीटरवरून दिसते, आणि म्हणून त्याला प्रामाणिकपणे वाटते की मला ती दिसते त्याअर्थी मीही तिला दिसत असेन. हा समज हजारो वर्षांच्या चालीतून आलेला आहे. बिचाऱ्याने बेफिकिरी केलेली नसते.

२०२२ साली देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी ३२,८२५ पादचारी होते. त्याच वर्षीच्या ३१ ऑक्टोबरची घटना अनेकांना आठवत असेल. कोल्हापूर जिल्ह्यातील जठारवाडीची दिंडी कार्तिकी वारीसाठी पंढरपूरला निघाली होती. सांगोला तालुक्यातील जुनोनीजवळ, दिवेलागणीच्या सुमारास, मागून आलेली मोटार दिंडीत शिरली आणि सात वारकरी गेले. आळंदी व देहूहून निघणाऱ्या पालख्यांच्या महामार्गांची पायाभरणी ८ नोव्हेंबर २०२१ रोजी झाली होती, आणि त्यांच्या कडेने वारकऱ्यांसाठी स्वतंत्र वाट योजलेली होती. ही फार चांगली गोष्ट आहे. चालणाऱ्यांसाठी मुद्दाम वाट राखण्याचा एवढा मोठा विचार आपल्या राज्यात क्वचितच झाला असेल. पण वारी दोनच रस्त्यांनी जात नाही. ती शेकडो गावांतून लहान लहान दिंड्यांनी निघते, आणि जठारवाडीची वाट त्या योजनेत नव्हती. आपल्याकडे सप्टेंबरमध्ये वांद्र्याच्या मोतमाउलीला व उत्तनच्या वेलंकनी मातेला चालत जाणारे भाविक, गुड फ्रायडेला क्रूसाची वाट करीत जाणारे आणि मध्यरात्रीच्या मिस्साहून परतणारे कुटुंबीय, यांची गोष्ट वारकऱ्यांहून निराळी नाही.

कायदा अगदी स्वस्थ बसलेला नाही. पळून गेलेल्या अज्ञात वाहनाने माणूस मारला तर कुटुंबाला मिळणारी रक्कम १९८८ च्या कायद्यात ८,५०० रुपये होती. १९९४ साली ती २५,००० झाली, आणि १ एप्रिल २०२२ पासून २ लाख रुपये आहे. गंभीर जखमीला ५०,००० रुपये. अर्ज तहसीलदार किंवा प्रांत कार्यालयात करायचा असतो. अशा अंत्यविधीनंतर मी जेव्हा कुटुंबीयांना हे सांगतो, तेव्हा बहुधा ते प्रथमच ऐकत असतात. २०१९ च्या दुरुस्तीने सदोष रस्ता बांधणाऱ्या वा नीट न राखणाऱ्या यंत्रणेलाही दंडाची तरतूद केली. १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पादचाऱ्याचा पदपथावरील हक्क हा राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगून राज्यांना त्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे आखण्यास फर्माविले. दुसरीकडे, वाहन ओळखले गेले आणि दावा न्यायाधिकरणापुढे गेला की मृताचा स्वतःचा निष्काळजीपणा किती, याची मोजणी होऊ शकते आणि तेवढ्या प्रमाणात भरपाई कापली जाऊ शकते. अंगणातला तो हलका उद्गार येथे वकिलाच्या तोंडून, मोठ्या आवाजात ऐकू येतो.

पदपथ होतील, खांब उभे राहतील. त्यासाठी अर्ज, मोर्चे व पाठपुरावा चालू ठेवलाच पाहिजे, आणि पादचाऱ्याने पट्टी लावली नाही म्हणून पालिकेची जबाबदारी रतीभर कमी होत नाही. पण तोपर्यंत आपल्या माणसांनी चालायचे कसे? फिनलंडमध्ये हिवाळ्यात दिवस काही तासांचाच असतो. तेथील आर्वी लेहती नावाच्या प्लास्टिकच्या कारागिराने आपल्या घोडागाड्या अंधारात दिसाव्यात म्हणून प्रकाश परतविणारे तुकडे बनविले, आणि १९६० च्या दशकात तेच पादचाऱ्यांच्या कोटाला लटकू लागले. अंधारात चालताना असा तुकडा वापरावा, असे आज तेथील कायदाच सांगतो. आपल्याकडे ऊस वाहणाऱ्या बैलगाड्यांना व ट्रॉल्यांना गळीत हंगामाच्या आरंभी तांबड्या-पिवळ्या पट्ट्या चिकटवतात, तीच ही युक्ती. पट्टीत स्वतःचा दिवा नसतो. आलेला उजेड ती आल्या दिशेला परत धाडते. त्यामुळे ५० मीटरवर दिसणारा माणूस सुमारे १५० मीटरवर दिसतो, म्हणजे चालकाला सहा सेकंद अधिक मिळतात.

पट्टी लावायची कुठे, हेही जाणून घेण्यासारखे आहे. स्वीडनमधील उप्साला येथील मानसशास्त्रज्ञ गुन्नार योहान्सन यांनी १९७३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काळोखात चालणाऱ्या माणसाच्या केवळ सांध्यांवर लहान लहान दिवे लावले आणि बाकी शरीर अदृश्य ठेवले. माणूस स्तब्ध असेतो पाहणाऱ्यांना ते नुसते ठिपके वाटत; तो पावले टाकू लागताच क्षणार्धात सारे ओळखत की हा माणूस चालत आहे. पाठीवरची पट्टी चालकाला मैलाचा दगड किंवा उभी गाडी वाटू शकते. घोट्यावरची पट्टी पावलागणिक हलते आणि तेथे माणूस आहे हे सांगते. जुना कंदील हातात झुलत हेच काम करीत होता. तेव्हा पट्टीचे दोन तुकडे दोन्ही घोट्यांना, एक मनगटाला आणि कोळीण असेल तर आणखी एक पाटीच्या मागच्या काठाला. चालायचे ते रस्त्याच्या उजव्या कडेने, येणाऱ्या गाडीकडे तोंड करून. मिरवणूक असेल तर पहिल्या रांगेतील क्रूसाबरोबर एक दिवा, आणि अगदी शेवटच्या रांगेत, जेथे सहसा म्हातारी माणसे आणि लेकुरवाळ्या बाया असतात, तेथे दुसरा, तांबडा.